बाळू पालवणकर अजून पॅव्हेलियनच्या बाहेरच!

आपल्या देशात क्रिकेटला धर्म म्हणण्याची फॅशन आहे. धर्म म्हटला की देव आले, देवळे आली, पुजारी आले. आणि आपल्या देशात धर्म म्हटला की देवळाबाहेर उभा ठेवलेला माणूसही ओघाने आलाच! क्रिकेटच्या या देवळाबाहेर शंभर वर्षांहून अधिक काळ एक माणूस उभा आहे. त्याचे नाव बाळू पालवणकर. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांना पी. बाळू म्हटले. आमच्या तरुण पोरांपैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? सचिनची शतके तोंडपाठ असणाऱ्या पोरांना विचारून पाहा. उत्तर काय येईल ते आम्ही सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने जानेवारी २००९ मध्ये 'हॉल ऑफ फेम' सुरू केले. हॉल ऑफ फेम म्हणजे खेळातल्या कीर्तिवंतांचे दालन. बिशनसिंग बेदी, सुनील गावसकर आणि कपिल देव यांना त्यात प्रथम जागा मिळाली. पुढे अनिल कुंबळे, राहुल द्रविड, सचिन तेंडुलकर, विनू मंकड, वीरेंद्र सेहवाग, डायना एडलजी, नीतू डेव्हिड आणि २०२५ मध्ये महेंद्रसिंह धोनी यांचा समावेश झाला. यातल्या एकाही नावाबद्दल आमची तक्रार नाही. सगळ्यांनी घाम गाळला आहे. आमचा प्रश्न एवढाच की, ज्याने या सर्वांच्या आधी गोऱ्या साहेबाला त्याच्याच खेळात, त्याच्याच देशात जाऊन बाद केले, त्याच्यासाठी या दालनात एक कोपरासुद्धा नाही काय?

खेळपट्टी झाडणारा मुलगा

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला एका चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे मुलाचे बालपण पुण्यात गेले. छावणीतल्या साहेबांनी टाकून दिलेल्या साहित्यावर हा मुलगा खेळ शिकला. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये! १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तेथे चार रुपये मिळू लागले. जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची आणि साहेबाला सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचे. तासन् तास चेंडू टाकून त्यांचा डावा हात असा तयार झाला की, त्या काळातला नामांकित इंग्रज फलंदाज कॅप्टन ग्रेग त्यांच्याच गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केल्यास तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. पण फलंदाजी? बॅट साहेबाच्या हातात आणि चेंडू नोकराच्या हातात, हा त्या क्लबाचा रिवाज होता. अनेक वर्षे तेथे राबूनही त्यांना बॅट हातात मिळाली नाही.

गोरा साहेब आणि नोकर हे नाते आपण समजू शकतो. पण पुढचा भाग वाचताना मुठी आवळल्या जातात. गोऱ्यांना हरवायचे तर बाळूशिवाय गत्यंतर नाही, हे पुण्याच्या हिंदू संघाला कळत होते. परंतु अस्पृश्याला संघात घ्यायचे कसे, यावर खल झाला. शेवटी घेतले, पण कसे? मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालत होता. मैदानाबाहेर मात्र त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. तोंड धुवायचे तर पाणी घालणारा माणूसही अस्पृश्यच हवा!

वाचकहो, क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. तो चेंडू बाळूंच्या बोटांतून सुटून यष्टिरक्षकाच्या हातात जाई, त्याच्या हातातून स्लिपमधल्या शास्त्रीबुवांकडे जाई, तेव्हा कुणाचाही धर्म बुडत नव्हता. बुडत होता तो एक कप चहाने! जातिव्यवस्थेचा ढोंगीपणा समजायला पोथ्या वाचण्याची गरज नाही. एवढा एक प्रसंग पुरे आहे. २००१ मध्ये 'लगान' चित्रपटात 'कचरा' नावाचा अस्पृश्य फिरकी गोलंदाज आला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. खराखुरा अस्पृश्य फिरकी गोलंदाज या महाराष्ट्राच्या मातीत होऊन गेला, हे त्यांना कुणी सांगितलेच नाही.

आकडे खोटे बोलत नाहीत

प्लेगच्या काळात, १८९६ च्या सुमारास, बाळू मुंबईला आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने, काहींचा विरोध असतानाही, त्यांना संघात घेतले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला आणि बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर साजरा झाला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. बाळूंबरोबर त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. प्रथम श्रेणीचे १४ सामने झाले, त्यांतले १० संघाने गमावले. म्हणजे संघ दुबळाच होता. पण त्या दुबळ्या संघात पस्तिशीतल्या बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी मिळवले. त्यातले ७५ प्रथम श्रेणी सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी! कारकिर्दीतील ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी अवघी १५.२१. आजही कोणत्याही फिरकी गोलंदाजापुढे हे आकडे ठेवा आणि त्याचा चेहरा पाहा.

त्याच १९११ च्या उन्हाळ्यात, २९ जुलै रोजी, कलकत्त्यात मोहन बागानच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली. बंगालने त्या अकरा फुटबॉलपटूंना अमर केले. त्यांची नावे तिथे आजही घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. मग महाराष्ट्राने आपल्या त्याच वर्षीच्या वीराचे काय केले?

न लिहिलेला कायदा

बाळू हिंदू संघाचे सर्वांत जुनेजाणते आणि सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. इंग्लंडहून परतल्यानंतर कर्णधारपद त्यांना द्यावे, अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. ते कधीच मिळाले नाही. अस्पृश्याला कर्णधार करू नये, असा कोणताही नियम कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. जातीचे कायदे लिहावे लागत नाहीत, ते हाडीमाशी असतात! संघाचे कर्णधार एम. डी. पै यांनी १९१३ मध्ये स्वतःच्या सत्कारात उघडपणे सांगितले की, या मानावर ज्येष्ठतेने बाळूंचा हक्क होता. सज्जन माणूस खरे बोलला. पण निवड समितीच्या कानावरची माशी उडाली नाही.

१९२० मध्ये कहर झाला. बाळूंना संघातून वगळले गेले. पै आजारी होते, म्हणून कर्णधारपद कुणाकडे द्यायचे हा प्रश्न आला. बाळूंचे बंधू विठ्ठल हे तेव्हा संघाचे आघाडीचे फलंदाज होते. त्यांना डावलून पुण्याचे दि. ब. देवधर यांना नेमण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर निवेदन काढून जातीच्या भेदभावाला वाचा फोडली. क्रिकेटच्या मैदानावरचा हा सत्याग्रह महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी सात वर्षे झाला, हे आपण ध्यानात घ्यावे. समितीला नमावे लागले. पुढच्या सामन्यात दोघे भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. तेवढीच! १९२३ मध्ये मात्र विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरवून दाखवले. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले, म्हणून यातले पुष्कळ टिकले. लिहिले नसते तर तेही गेले असते.

'कसोटी खेळले नाहीत' ही सबब

आता व्यवस्थेचे वकील काय म्हणतील तेही पाहू. ते म्हणतील, हॉल ऑफ फेमचे निकष आंतरराष्ट्रीय सामन्यांतील कामगिरीवर बांधलेले आहेत. बाळू एकही कसोटी खेळले नाहीत, मग त्यांना घ्यायचे कसे? मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. भारताची पहिली कसोटी २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर झाली. तेव्हा बाळू छप्पन वर्षांचे होते. जो सामना अस्तित्वातच नव्हता, तो खेळला नाही म्हणून माणसाला नापास करायचे, हा कुठला न्याय?

आणि ही सबब सगळ्यांना लावली जाते काय? १९३४ पासून देशातली सर्वांत मोठी क्रिकेट स्पर्धा रणजी करंडकाच्या नावाने ओळखली जाते. रणजितसिंह १५ कसोटी खेळले, पण इंग्लंडकडून! १९६१ पासून दुलीप करंडक सुरू झाला. दुलीपसिंहही इंग्लंडकडूनच खेळले. १९७३ पासून देवधर करंडक सुरू झाला. देवधर मोठे फलंदाज होते यात शंका नाही, पण अधिकृत कसोटी तेही एकही खेळले नाहीत. त्यांना पद्मभूषण मिळाले, त्यांच्या नावाने करंडक झाला. आम्हाला त्याचा आनंद आहे. मग एकदा तराजू हातात घेतला की तो सगळ्यांसाठी सारखा धरा. भारतासाठी एकही कसोटी न खेळलेला राजपुत्र चालतो, एकही कसोटी न खेळलेला पुण्याचा प्राध्यापक चालतो, मग खेळपट्टी झाडून वर आलेला चर्मकाराचा मुलगा का चालत नाही? नियामक मंडळाच्या एकाही राष्ट्रीय स्पर्धेला बाळूंचे नाव नाही. मे २०२५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावाचे स्टँड झाले. बाळूंसाठी तिथे जागा निघाली नाही.

काळ्यांनी कसे मिळवले?

जगात हा प्रश्न फक्त आपल्याकडेच आला असे नाही. अमेरिकेत बेसबॉल हा आपल्या क्रिकेटसारखाच बॅट-चेंडूचा खेळ आहे. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये प्रवेश नव्हता. तिथेही नियम लिहिलेला नव्हता. त्यांनी आपली वेगळी लीग चालवली. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमची अट मात्र होती की, खेळाडू मोठ्या लीगमध्ये दहा वर्षे खेळलेला हवा. दार बंद करणारेच विचारत होते, आत का नाही आलास? १९६६ मध्ये टेड विल्यम्स या महान खेळाडूने स्वतःच्या गौरव समारंभातच काळ्या खेळाडूंना या दालनात घेण्याची मागणी केली. १९७१ मध्ये सॅचेल पेज यांची निवड झाली, पण सुरुवातीला ठरले काय, तर काळ्यांसाठी दालनात स्वतंत्र विभाग! म्हणजे पुन्हा वेगळा कप, वेगळे टेबल. त्यावर गदारोळ उठला आणि पेज यांना सर्वांच्या बरोबरीने सन्मान द्यावा लागला. १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर जन्माला आली त्याच वर्षी, मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या जॉश गिब्सन यांना मरणोत्तर प्रवेश मिळाला. २००६ मध्ये संशोधकांच्या समितीने जुनी कागदपत्रे चाळून एकाच वेळी १७ जणांना आत आणले. आणि २०२४ मध्ये काळ्यांच्या लीगचे आकडे अधिकृत नोंदवहीत घेण्यात आले, तेव्हा कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन सर्वांच्या वर गेले!

अमेरिकन फुटबॉलमध्ये फ्रिट्झ पोलार्ड हे १९२१ साली पहिले काळे प्रशिक्षक झाले. पुढे १९३४ ते १९४५ या काळात तिथल्या मोठ्या लीगने काळ्या खेळाडूंना बाहेरच ठेवले. पोलार्ड १९८६ मध्ये वारले, हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव २००५ मध्ये लागले. ड्यूक स्लेटर १९६६ मध्ये वारले, त्यांना २०२० पर्यंत वाट पाहावी लागली. इंग्लंडमध्ये प्लायमथ क्लबाचे फुटबॉलपटू जॅक लेस्ली यांची १९२५ मध्ये राष्ट्रीय संघासाठी निवड झाली आणि मग नाव गुपचूप गायब झाले, कारण कातडी काळी होती. उतारवयात हा माणूस एका क्लबात खेळाडूंचे बूट साफ करीत असे. २०२२ मध्ये प्लायमथला त्यांचा पुतळा उभा राहिला आणि २०२३ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, त्यांच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, त्यांना राष्ट्रीय संघाची मानाची टोपी दिली. अट बदलता येते, चूक कबूल करता येते. प्रश्न इच्छेचा आहे.

आपल्या मनातली अढी

आता एक कडू गोष्ट. चळवळीतले काही जाणते बांधव विचारतील, बाळू तर बाबासाहेबांच्या विरोधात गेले, मग त्यांच्यासाठी आपण का भांडायचे? इतिहास लपवण्यात अर्थ नाही. इंग्लंडहून परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला तेव्हा मानपत्र तरुण भीमरावांनी सादर केले, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. बाळू काँग्रेसकडे झुकले. स्वतंत्र मतदारसंघ त्यांना मान्य नव्हते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यांना पटली नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. समाजाने आपला कौल दिला.

राजकारणात बाळू चुकले, असेच आमचे मत आहे. पण मैदानातला अन्याय त्यामुळे धुतला जातो काय? ज्या काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध वापरून घेतले, तिने तरी पुढे सत्तेवर असताना त्यांच्या नावाने एखादा राष्ट्रीय करंडक उभा केला काय? वापरले आणि विसरले! हाही आपल्यासाठी धडाच आहे. न्याय हा आपल्या बाजूने मत देणाऱ्याला द्यायचे बक्षीस नव्हे, हे तर बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले. संविधान लिहिताना त्यांनी मूलभूत हक्क आपल्या विरोधकांनाही दिले. शिवाय बाळू चर्मकार म्हणून त्यांचा विषय त्या समाजाने पाहावा, आपला काय संबंध, असे म्हणणारा माणूस नकळत मनूचीच उतरंड शाबूत ठेवत असतो.

नावाची किंमत मराठवाड्याला विचारा

कुणी म्हणेल, मेलेल्या माणसाचे नाव भिंतीवर लिहून पोट भरते काय? हा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसाला विचारू नये. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि आमची घरे पेटली. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्यांनी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोपर्यंत साडेपंधरा वर्षे गेली होती. नावात काही नसते तर त्यांनी एवढा विरोध का केला असता? नाव म्हणजे हजेरीपटावरची नोंद. आम्ही इथे होतो आणि आम्ही घडवले, याचा तो पुरावा असतो.

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावपासून वानखेडे स्टेडियम फार लांब आहे. पण क्रिकेट लांब नाही. आमच्याकडे शिवारातले पीक निघाले की ढेकळे फोडून खेळपट्टी तयार होते आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. खेळपट्टी तयार करणारी पोरे कोणत्या वस्तीतली असतात, हे सांगायला नको. आणि चषक कुणाच्या नावाचा? अमुक आमदारसाहेब चषक, तमुक भाऊ चषक! बक्षिसाची रक्कम देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत लागते. ज्या पोराने सकाळपासून रोलर ओढला, त्याच्यासारखाच एक पोरगा ११४ बळी घेऊन इंग्लंडहून आला होता, हे त्या पोराला कोण सांगणार?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कसोटी दर्जा मिळण्यापूर्वीच्या भारतीय खेळाडूंसाठी आंतरराष्ट्रीय परिषदेने अमेरिकेच्या धर्तीवर संशोधकांची समिती नेमावी आणि भारतीय नियामक मंडळाने बाळू पालवणकरांचे नाव स्वतःहून पुढे करावे. राष्ट्रीय पातळीवरचा एक करंडक बाळू आणि विठ्ठल या पालवणकर बंधूंच्या नावाने सुरू व्हावा. महाराष्ट्र सरकारने त्यांचा धडा शालेय पाठ्यपुस्तकात घालावा, आणि तो मातीच्या भांड्यातल्या चहासकट घालावा. 'दलित खेळाडू' म्हणून वेगळी फळी मात्र आम्हाला नको. बाळूंनी वेगळ्या टेबलावर पुष्कळ जेवण केले. आता त्यांचे ताट सगळ्यांच्या पंगतीतच मांडले गेले पाहिजे.

आणि हे सगळे होईपर्यंत आपण हात बांधून बसायचे काय? मुळीच नाही. येत्या भीमजयंतीला परभणी जिल्ह्यात जिथे जिथे आपली पोरे स्पर्धा भरवतील, तिथे एका तरी चषकावर 'बाळू पालवणकर चषक' असे लिहा. उद्घाटनाच्या भाषणात पुढाऱ्यांच्या आधी पाच मिनिटे त्यांची माहिती सांगा. उत्कृष्ट गोलंदाजाचे बक्षीस त्यांच्या नावाने द्या. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, की कुठल्या समितीचा ठराव लागत नाही. चवदार तळ्याचे पाणीसुद्धा आपल्याला कुणी पेल्यात भरून आणून दिले नव्हते.

जय भीम!